बेडकाची कातडी आणि उद्याचे औषध

पायात काटा मोडला, जखम चिघळली आणि धडधाकट माणूस आठ दिवसांत गेला, अशा हकिकती आपल्यापैकी पुष्कळांनी घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या असतील. बाळंतरोग, न्यूमोनिया, विषमज्वर ही नावे उच्चारतानाही त्या काळी माणसे दबकत. या हकिकती आज आपणांस जुन्या जमान्यातल्या वाटतात, याचे मोठे श्रेय प्रतिजैविक औषधांना, म्हणजे रोजच्या बोलण्यात आपण ज्यांना अँटिबायॉटिक म्हणतो त्यांना द्यावयास हवे.

परंतु हीच औषधे आता ठिकठिकाणी बोथट होऊ लागली आहेत. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा नवी औषधे कोठून आणावयाची, हा प्रश्न आज डॉक्टरांपुढे व शास्त्रज्ञांपुढे उभा आहे. त्याचे एक उत्तर काही शास्त्रज्ञ बेडकाच्या कातडीत, पतंगाच्या रक्तात आणि खुद्द आपल्या शरीरात शोधीत आहेत. त्या शोधात आशा किती आणि अडचणी कोणत्या, हे शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

औषधे बोथट का होतात?

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लागला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते औषध म्हणून रोग्यांपर्यंत पोचले. डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या प्रसंगी दिलेल्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनीच इशारा देऊन ठेवला होता की, हे औषध अपुऱ्या मात्रेत घेतले तर जंतू मरणार नाहीत, उलट त्याला तोंड देण्यास शिकतील.

हे शिकणे म्हणजे शाळेतील शिकणे नव्हे. जंतूपाशी बुद्धी नाही. त्याच्यापाशी आहे ती संख्या आणि घाई. आपल्या आतड्यात राहणारा एक नेहमीचा जंतू अनुकूल परिस्थितीत दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. मुलांनी घरी बसून हा हिशेब अवश्य करून पाहावा. एकाचे दोन, दोनाचे चार, असे दहा तासांत तीस वेळा घडले की एका जंतूचे शंभर कोटींहून अधिक जंतू होतात. एवढ्या नकला उतरविताना कोठे ना कोठे चुका होणारच. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. परंतु एखादी अशी असते की, तिच्यामुळे औषध त्या जंतूला लागूच पडत नाही. बाकीचे सर्व मेले की हा एकटा उरतो आणि मोकळ्या रानात त्याचीच प्रजा माजते. डीडीटीची फवारणी वर्षानुवर्षे झाली आणि अखेर तिला न जुमानणारे डास उरले, त्यातलाच हा प्रकार.

त्यातून आणखी एक गोष्ट अशी की, जंतू ही युक्ती आपल्यापाशीच ठेवीत नाहीत. शेजारणीने शेजारणीला विरजण द्यावे, तसा एक जंतू दुसऱ्याला त्या युक्तीचा नमुना देऊन टाकतो. मग तो दुसरा जंतू निराळ्या जातीचा असला तरी चालते. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या जंतूंसाठी १९५९ साली मेथिसिलिन हे औषध वापरात आले आणि १९६१ सालीच ब्रिटनमध्ये त्यालाही दाद न देणारे जंतू सापडले.

आपली नेहमीची प्रतिजैविके बहुधा जंतूच्या एका ठराविक भागावर नेम धरतात. एखादे औषध जंतूची भिंत बांधणाऱ्या गवंड्याला अडविते, तर एखादे त्याचा प्रथिने बनविण्याचा कारखाना बंद पाडते. ही एका कुलपाची एक किल्ली झाली. जंतूने कुलूप बदलले की किल्ली निकामी. म्हणून ज्याला इतक्या सहजासहजी चुकविता येणार नाही, असे एखादे निराळ्या तऱ्हेचे शस्त्र निसर्गात आहे काय, याचा शोध सुरू झाला.

पतंग, बेडूक आणि आपण

या शोधाचा पहिला धागा फ्लेमिंग यांच्याच हाती आला होता, आणि तोही पेनिसिलिनच्या आधी. १९२१ साली त्यांना सर्दी झाली असता त्यांनी आपल्या नाकातील स्राव जंतू वाढविण्याच्या काचेच्या ताटलीवर टाकून पाहिला, तो त्याच्या भोवतालचे जंतू विरघळून गेलेले दिसले. पुढे अश्रूंतही तोच गुण आढळला. प्रयोगासाठी अश्रू हवेत म्हणून सहकाऱ्यांच्या डोळ्यांना लिंबाचा रस लावण्यात येई! या द्रव्यास त्यांनी लायसोझाइम असे नाव दिले व १९२२ साली ते प्रसिद्ध केले. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातही ते भरपूर असते. घातक जंतूंवर ते फारसे चालत नसल्यामुळे त्याचे औषध झाले नाही. परंतु प्राण्याचे शरीर स्वतःच जंतुनाशके तयार करते, ही गोष्ट मात्र सिद्ध झाली.

दुसरा धागा स्वीडनमधील हान्स बोमन यांच्या हाती लागला. कीटकांच्या रक्तात आपल्यासारख्या प्रतिपिंडांची, म्हणजे एकेका रोगासाठी शरीरात मुद्दाम घडविल्या जाणाऱ्या रक्षकांची, व्यवस्था नसते. तरीही कीटक घाणीत वावरून जगतात कसे? बोमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सेक्रोपिया नावाच्या एका मोठ्या पतंगाच्या सुप्त कोषात जिवंत जंतू टोचले. आपल्याकडील टसर रेशमाचा पतंग ज्या कुळातला, त्याच कुळातला हा अमेरिकेतील पतंग. जंतू टोचल्यावर त्याच्या रक्तात जंतुनाशक पदार्थ तयार झाले. त्यांची घडण १९८१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि त्यांना सेक्रोपिन हे नाव मिळाले.

तिसरी हकिकत सर्वांत गाजली, ती बेडकाची. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मायकेल झॅस्लॉफ हे संशोधक आफ्रिकेतील एका नखवाल्या बेडकाची अंडी प्रयोगासाठी काढून घेत असत. बेडकाचे पोट चिरावयाचे, अंडाशय काढावयाचे, टाके घालावयाचे आणि त्याला पुन्हा टाकीत सोडावयाचे, असा क्रम चाले. टाकीतील पाणी काही स्वच्छ नसे. माणसाची ताजी जखम अशा पाण्यात बुडविली असती तर ती खात्रीने पिकली असती. पण या बेडकांच्या जखमा पू न होता भरून येत. हे का, असा प्रश्न झॅस्लॉफ यांना पडला आणि त्यांनी बेडकाची कातडी तपासावयास घेतली. तिच्यातून त्यांनी दोन जंतुनाशक पदार्थ वेगळे केले व १९८७ साली ते प्रसिद्ध केले. ढाल या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून त्यांनी त्यांना मॅगेनिन हे नाव दिले.

आणि माणूस? तोही या बाबतीत दरिद्री नाही. रॉबर्ट लेहरर, टॉमस गान्झ व मायकेल सेल्स्टेड या कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १९८५ साली माणसाच्या पांढऱ्या रक्तपेशींत अशीच द्रव्ये शोधून काढली व त्यांना डिफेन्सिन म्हटले. पुढे आपल्या कातडीत, तोंडात, आतड्यात व श्वासनलिकेतही ती सापडली. त्यांची किंमत काय, हे त्यांच्या अभावाने कळते. कोस्टमन रोग या नावाच्या एका दुर्मिळ जन्मजात विकारात पांढऱ्या पेशींची फार उणीव असते. औषधोपचाराने या रोग्यांच्या पेशींची संख्या वाढविता येते, तरीही त्यांच्या हिरड्या वारंवार बिघडतात. त्यांच्या शरीरात एलएल-३७ नावाचे जंतुनाशक द्रव्य नसते, असे स्वीडनमधील संशोधकांना २००२ साली आढळले. म्हणजे शिपायांची भरती झाली, पण त्यांच्या हाती तलवार नाही, अशी ही अवस्था.

हे शस्त्र चालते कसे?

वर सांगितलेल्यांपैकी लायसोझाइम हे मोठे प्रथिन आहे. बाकीची सेक्रोपिन, मॅगेनिन, डिफेन्सिन व एलएल-३७ ही लहान आहेत व त्यांना जंतुनाशक पेप्टाइडे असे म्हणतात. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचेच धाकटे भावंड. अमिनो आम्ले नावाचे वीस प्रकारचे मणी असतात. त्यांची शेकडो मण्यांची लांब माळ म्हणजे प्रथिन, आणि आखूड माळ म्हणजे पेप्टाइड. मॅगेनिनच्या माळेत अवघे २३ मणी आहेत, तर एलएल-३७ मध्ये नावाप्रमाणे ३७.

या आखूड माळांत दोन गुण बहुधा असतात. एक, त्यांच्यावर धन विद्युतभार असतो. दुसरा, माळ वळली की तिची एक बाजू पाण्याशी जुळवून घेते व दुसरी तेलकट पदार्थाशी. आपला भांडी घासावयाचा साबण असाच दुतोंडी असतो. त्याचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला, आणि म्हणून भांड्याचा तेलकटपणा सुटतो.

आता जंतूकडे पाहू. जंतूच्या अंगाभोवती तेलकट द्रव्याचे एक पातळ पटल असते आणि त्याच्या बाहेरच्या बाजूवर ऋण विद्युतभार असतो. धन व ऋण एकमेकांस ओढतात, हे पदार्थविज्ञान आपण शाळेतच शिकलो आहोत. त्यामुळे पेप्टाइडे जंतूला जाऊन चिकटतात, आपली तेलकट बाजू पटलात घुसवितात आणि पटलाला भोके पाडतात. मडक्याला भोके पडली की पाणी थांबत नाही, त्याप्रमाणे जंतूच्या आतील द्रव्ये बाहेर पडतात आणि तो मरतो. काही पेप्टाइडे पटल ओलांडून आत शिरतात व तेथील कारभार बंद पाडतात.

मग ती आपल्याच पेशींना का मारीत नाहीत? आपल्या पेशींचे पटल बाहेरून बहुतांशी भाररहित असते, शिवाय त्यात कोलेस्टेरॉल असते व त्यामुळे ते अधिक दणकट होते. ज्या कोलेस्टेरॉलला आपण एरवी नावे ठेवतो, ते येथे उपयोगी पडते. अर्थात हा भेद तारतम्याचा आहे. मात्रा वाढली की ही शस्त्रे आपल्या पेशींनाही इजा करतात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व अडचणींचे मूळ तिच्यात आहे.

जंतूला या शस्त्रापासून सुटका करून घेणे कठीण जाते, कारण येथे एखादे कुलूप बदलून भागत नाही. सबंध अंगाची कातडीच बदलावी लागते. कीटकांपासून माणसापर्यंत सर्वांनी हे शस्त्र कोट्यवधी वर्षे वापरले आणि ते अद्याप पार निकामी झालेले नाही, यातच त्याचे सामर्थ्य दिसते.

मग औषध झाले का नाही?

मॅगेनिनचा शोध लागला तेव्हा मोठा गाजावाजा झाला. त्याच्यात फेरफार करून पेक्सिगॅनन नावाचे मलम बनविण्यात आले. मधुमेहाच्या रोग्यांच्या पायांना होणाऱ्या जखमांसाठी ते वापरावयाचे होते. आपल्या घराघरांत मधुमेह किती शिरला आहे आणि पायाच्या एका लहानशा जखमेपायी बोट किंवा पाऊल कापून टाकण्याची पाळी कशी येते, हे वाचकांस सांगावयास नको. म्हणून या मलमाकडे सर्वांचे डोळे लागले होते. माणसांवरील मोठ्या चाचण्यांत ते जवळजवळ जुन्या गोळ्यांइतकेच उपयोगी पडले. परंतु त्यांच्याहून सरस ठरले नाही, आणि १९९९ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने त्यास परवानगी नाकारली. पुढे निराळ्या कंपनीने पुन्हा चाचण्या केल्या. २०१६ साली त्यांचा निकाल लागला, तो साध्या, औषध नसलेल्या मलमाहूनही ते सरस नाही असा. सुमारे तीस वर्षांच्या खटाटोपाचा हा शेवट झाला.

अडचणी कोणत्या, ते पाहू. पहिली पचनाची. पेप्टाइड हे प्रथिनाच्या जातीचे असल्यामुळे पोटात गेले की ते डाळीतील प्रथिनाप्रमाणे पचून जाते. मधुमेहाचे इन्सुलिन गोळीच्या रूपाने न घेता टोचून का घ्यावे लागते, त्याचे कारण हेच. रक्तातही ही द्रव्ये फार काळ टिकत नाहीत. दुसरी अडचण विषारीपणाची. मोठ्या मात्रेत ती रक्तातील तांबड्या पेशी फोडू शकतात किंवा मूत्रपिंडांस इजा करतात. तिसरी अडचण खर्चाची. एकेक मणी ओवून माळ तयार करणे हे बुरशीच्या पिंपातून पेनिसिलिन काढण्यापेक्षा पुष्कळ महाग पडते. आणि चौथी अशी की, शरीरातील क्षार व इतर द्रव्ये यांच्या सान्निध्यात काही पेप्टाइडांचा जोर कमी होतो. काचेच्या नळीतला पराक्रम जखमेत दिसत नाही.

तथापि ही सर्व जात निरुपयोगी ठरली असे नव्हे. जंतू स्वतःही एकमेकांशी लढण्यासाठी पेप्टाइडे बनवितात, आणि त्यांतील कित्येक आपल्या ओळखीची आहेत. कापल्या-खरचटल्यावर लावावयाच्या परिचित मलमांत व भुकटीत बॅसिट्रॅसिन आणि पॉलिमिक्सिन ही नावे वेष्टनावर आढळतील. ती दोन्ही याच जातीची. दूध आंबविणारा एक जंतू निसिन नावाचे पेप्टाइड तयार करतो. जागतिक संस्थांनी १९६९ साली ते अन्न टिकविण्यासाठी सुरक्षित ठरविले आणि चीजच्या काही पाकिटांवर २३४ या क्रमांकाने त्याचा उल्लेख असतो. रक्तात पसरलेल्या चिवट जंतूंवर टोचून देण्याचे डॅप्टोमायसिन हे औषध २००३ साली अमेरिकेत मंजूर झाले, त्याच्याही गाभ्याशी पेप्टाइडाचेच कडे आहे.

कोलिस्टिनची शिकवण

याच जातीच्या एका औषधाची कथा मात्र सविस्तर सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या देशाशी निगडित आहे आणि तिच्यात सर्वांनी घेण्यासारखा धडा आहे.

मातीतील एका जंतूपासून मिळणारे कोलिस्टिन हे औषध १९५० च्या सुमारास जपानात सापडले. ते पॉलिमिक्सिनच्या घराण्यातले. मूत्रपिंडांस इजा करते म्हणून १९७० नंतर डॉक्टरांनी ते जवळजवळ बाजूला ठेवले. पुढे इतर औषधे निकामी होऊ लागली तेव्हा अतिदक्षता विभागातील अगदी अत्यवस्थ रोग्यांसाठी ते पुन्हा बाहेर काढावे लागले. भात्यातील शेवटचा बाण, असे त्याचे स्थान झाले.

परंतु ज्या काळात डॉक्टर हा बाण जपून ठेवीत होते, त्याच काळात अनेक देशांत कोंबड्या व डुकरे लवकर वाढावीत म्हणून त्यांच्या खाद्यातून हेच कोलिस्टिन सर्रास दिले जात होते. परिणाम व्हावयाचा तो झाला. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी जाहीर केले की, कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे एक जनुक जनावरांतील, मांसातील व माणसांतील जंतूंत सापडले आहे आणि ते एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाते. त्याची करामत काय? ते जंतूच्या पटलावरील ऋण भार कमी करते. ऋण कमी झाले की धन पेप्टाइडाची ओढही कमी होते. कातडी बदलणे कठीण असते असे वर म्हटले, ते खरे. पण माणसाने टनावारी औषध ओतले तर जंतू तेही साधतात.

आता या कथेची दुसरी बाजू पाहावी. चीनने २०१७ साली जनावरांची वाढ होण्यासाठी कोलिस्टिन वापरणे बंद केले आणि त्यानंतर त्या जनुकाचे प्रमाण उतरल्याचे तेथील पाहणीत दिसून आले. भारत सरकारनेही जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना व कोंबड्यांना कोलिस्टिन देण्यावर बंदी घातली. संयम पाळला तर बोथट झालेले शस्त्र काही अंशी पुन्हा धार धरू शकते, हे यावरून कळते. नवे औषध शोधण्याइतकेच जुने जपणे महत्त्वाचे आहे, ते या कारणाने.

नवी वाट

गेल्या काही वर्षांत या संशोधनाला पुन्हा वेग आला आहे, आणि त्याला कारण संगणक. पूर्वी एकेका प्राण्याची कातडी तपासावी लागे. आता जंतूंच्या जनुकांची प्रचंड माहिती संगणकात साठविलेली आहे व तिच्यातून जंतुनाशक पेप्टाइडाचा साचा ओळखण्यास कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकविता येते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात जगभरच्या माती, पाणी व प्राण्यांच्या शरीरांतील जंतूंची माहिती चाळून ८ लाख ६३ हजारांहून अधिक संभाव्य पेप्टाइडांची यादी तयार करण्यात आली. तीतील १०० प्रत्यक्ष बनवून पाहिली असता ७९ जंतूंवर परिणामकारक ठरली. अमेरिकेतील संशोधक सेझार दे ला फ्युएन्ते यांच्या गटाने तर नामशेष झालेल्या मॅमथ हत्तींच्या जनुकांत दडलेली पेप्टाइडे संगणकाने हुडकून प्रयोगशाळेत बनविली व उंदरांवर तपासली.

मातीही अजून रिती झालेली नाही. कॅनडातील हॅमिल्टन शहरी एका घराच्या परसातील मातीत लॅरिओसिडिन नावाचे पेप्टाइड मिळाल्याचे २०२५ साली प्रसिद्ध झाले. त्याचा आकार फासासारखा गाठ मारलेला आहे, आणि ते जंतूचा प्रथिने बनविण्याचा कारखाना एका नव्याच ठिकाणी अडविते. त्याआधी २०२४ साली झोसुराबाल्पिन या कड्यासारख्या पेप्टाइडाची माहिती प्रसिद्ध झाली. रुग्णालयांत माजलेल्या एका अत्यंत हट्टी जंतूवर ते चालते आणि त्याच्या चाचण्या माणसांपर्यंत पोचल्या आहेत.

आपल्या सह्याद्रीचाही या कामात वाटा आहे. पुण्याच्या व केरळच्या संशोधकांनी २०१५ साली एका बेडकाची नवी जात म्हणून नोंद केली आणि तो दूरवर आढळतो म्हणून तिला ‘बहुविस्तारा’ हे नाव दिले. त्याच बेडकाच्या कातडीतील स्रावांत तिरुवनंतपुरमचे राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्र व अमेरिकेतील एमरी विद्यापीठ येथील संशोधकांना एक पेप्टाइड मिळाले. ते फ्लूच्या एका गटातील विषाणूंना फोडते असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. केरळातील उरुमी या लवचीक तलवारीवरून त्याला उरुमिन म्हणतात. त्याच स्रावातील फ्लूविरुद्ध चालणारी इतर काही पेप्टाइडे माणसाच्या तांबड्या पेशींना घातक निघाली. हे तेवढे निवडून घेता आले. म्हणून कोणी बेडूक धरून जखमेला चोळू नये! त्याच्या कातडीत औषध असेल तसे विषही असते, आणि घातक जंतूही. पण पावसाळ्यात गोव्यात व इतरत्र खाण्यासाठी बेडूक मारले जातात, ते मात्र थांबले पाहिजे. कायद्याने तो गुन्हा आहेच. शिवाय ज्याच्या कातडीचा अभ्यास अजून झालाच नाही, असा एखादा प्राणी आपण एका जेवणापायी गमावून बसू.

आपल्या हाती काय?

प्रयोगशाळेतील यश आणि औषधाच्या दुकानातील बाटली यांमध्ये दहा-पंधरा वर्षांचे अंतर सहज पडते, आणि पेक्सिगॅननप्रमाणे मध्येच वाट संपण्याचा संभवही असतो. म्हणजे आज जे मूल तापाने अंथरुणावर आहे, किंवा ज्या वृद्धाच्या पायाची जखम चिघळली आहे, त्याला आजचीच औषधे तारणार. ती धारदार ठेवणे हे केवळ डॉक्टरांचे काम नव्हे. ते तुमचे आमचेही आहे.

सर्दी, पडसे, फ्लू हे बहुतांशी विषाणूंचे विकार असून त्यांवर प्रतिजैविके मुळीच चालत नाहीत. अशा वेळी डॉक्टरांकडे “जोराची गोळी द्या” असा हट्ट धरू नये. औषधाच्या पाकिटावर उभी तांबडी रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यावयाचे नाही अशी ती खूण आहे. २०१६ पासून सरकारने तिचा प्रचार केला आहे. काही महत्त्वाच्या प्रतिजैविकांची व क्षयाच्या औषधांची विक्री दुकानदाराने वहीत नोंदवावी, असा नियमही मार्च २०१४ पासून लागू आहे. दुकानदार चिठ्ठी मागतो तेव्हा तो आपली अडवणूक करीत नसून आपले रक्षण करतो, असे समजावे. डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा व दिवस पाळावे; क्षयरोगात तर बरे वाटले तरी औषध मध्येच सोडू नये. उरलेल्या गोळ्या डब्यात जपून ठेवून पुढच्या आजारपणात शेजाऱ्याला देणे, हा परोपकार नव्हे.

जंतूच अंगात शिरू नये, ही तर सर्वांत स्वस्त युक्ती. हात धुणे, पाणी उकळून पिणे, मुलांना वेळेवर लसी टोचून घेणे, आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी रोज रात्री निजण्यापूर्वी आपली पावले उजेडात निरखून पाहणे, यांना पैसा जवळजवळ लागत नाही. कातडी धड असेल तर तिच्यातील पेप्टाइडे आपले काम बिनबोभाट करीतच असतात. त्यांना मदत एवढीच हवी की आपण ती धड राखावी.

शास्त्रज्ञ बेडकांपासून मॅमथपर्यंत शोध घेत आहेत आणि तो शोध एक दिवस फळास येईल, अशी आशा बाळगण्यास पुरेशी कारणे आहेत. परंतु ते नवे औषध येईल तेव्हा आपण त्याचे काय करू, हे आपल्या आजच्या सवयींवरून ठरणार आहे. कोलिस्टिनसारखे ते कोंबड्यांच्या खाद्यात उधळले, किंवा प्रत्येक सर्दीला गिळले, तर नवी पेप्टाइडेही काही वर्षांत जुनी होतील. जपून वापरले तर आपल्या नातवंडांनाही ते उपयोगी पडेल.